उजवी बाजू दीड बोट वर

समतोल हा सृष्टीचा पाया आहे, आणि ज्याला समतोल कळला त्याला दुसरं काही कळायची गरज नाही. हे वाक्य माझं आहे. वजनमापे खात्यातल्या चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर निरोप समारंभात मी ते उभं राहून, डावा हात टेबलावर टेकवून म्हटलं. टेबलाचा एक पाय आखूड होता. टाळ्या पडल्या तेव्हा साहेबांच्या कपातला चहा माझ्या विजारीवरून खाली उतरत होता. टाळ्या वाक्याला पडल्या की चहाला, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या टेबलाचा दोष मी सगळे पांगल्यावर काढला. माझ्या खिशात पाणसळ असते. गवंडी वापरतात तीच, फक्त माझी वीतभर आणि पितळेची: मध्ये काचेची नळी, नळीत पाणी, पाण्यात बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला की वस्तू सपाट. दुकानदाराचा काटा तपासायचा तर आधी काट्याखालचा ओटा सपाट आहे का ते बघावं लागतं. नाहीतर प्रामाणिक काटाही खोटं बोलतो. चौतीस वर्षं हेच केल्यावर माणसाला वाकडं बघवत नाही. सासरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ सरळ केलं. त्यानंतर ते चाललं नाही. सासूबाई म्हणाल्या, "जावई हुशार आहेत, पण घड्याळाला मानवले नाहीत." तेव्हापासून त्या घरात मी आलो की कोणीतरी म्हणायचंच, "भाऊजी, बसा. कशाला हात लावू नका."

याच पाणसळीने मी माझ्या धाकट्या मेव्हण्याचा गुडघा मोडला, थोरल्याचा धंदा बंद पाडला आणि दोघा भावांचं बोलणं तोडलं. त्यांच्यापैकी कोणाच्या अंगाला मी बोटही लावलं नाही. बोल्टाला लावलं.

थोरला ट्रकचे पाटे बनवायचा. मागच्या चाकांवर वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांचा थर असतो, एकाखाली एक, वरची लांब आणि खालची आखूड, ते पाटे. सगळं ओझं तेच सोसतात. त्याच्या कारखान्यात भट्टी होती, ऐरण होती, तेलाचा हौद होता आणि भिंतभर खडूने काढलेल्या कमानी होत्या. लाल झालेला पाटा सांडशीने धरून तो कमानीला लावून बघायचा, दोन घाव घालायचा आणि तेलात बुडवून पाणी द्यायचा, म्हणजे कडक करायचा. आकडा कुठे लिहिलेला नसे. "हाताला कळतं," एवढंच त्याचं शास्त्र. ट्रकवाले दोन दोन दिवस रांगेत थांबायचे, कारण त्याचा पाटा तुटला असं कोणी ऐकलं नव्हतं.

धाकटा गाडी चालवायचा. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि हे तो अभिमानाने सांगायचा. चालवायचा म्हणजे शर्यतीत, आणि शर्यत सरळ रेषेची. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, खांबावरचा दिवा हिरवा होतो, आणि चारशे मीटरवर जो आधी पोचतो तो जिंकला. वळण नाही, चढ नाही. बारा सेकंदांत खेळ उरकतो. माझ्या बायकोच्या मते या खेळात पुरुषांना आवडण्यासारखं सगळं आहे: आवाज आहे, धूर आहे, आणि विचार करायला वेळ नाही.

गाडी दोघांची मिळून. दोन दारांची, माझ्या लग्नाच्याही आधीची, पुढे बैलासारखं इंजिन. मागे मात्र हल्लीच्या गाड्यांसारख्या गुंडाळीच्या स्प्रिंगा नव्हत्या, ट्रकसारखे पाटे होते. म्हणून थोरल्याचा तिच्यावर जीव. एका दुपारी त्याने मला गाडीखाली बसवून सगळं समजावलं होतं.

"हिरवा दिवा लागला की इंजिन काय करतं, भाऊजी? सगळा जोर एकदम मागच्या अ‍ॅक्सलवर टाकतं. अ‍ॅक्सल म्हणतो, मी एकटा कशाला मरू? तो फिरायला बघतो आणि पाट्यांना पिळतो. पाटा नागासारखा दोन ठिकाणी वाकतो, सुटतो, परत वाकतो. मागची चाकं बेडकासारख्या उड्या मारायला लागतात. चाक हवेत म्हणजे गाडी जागेवर."

"मग?"

"मग पाट्याचा पुढचा भाग क्लँपांनी करकचून बांधायचा आणि मागचा मोकळा सोडायचा. अ‍ॅक्सलचं नाक दोन अंश खाली झुकवून ठेवायचं. जोर आला की ते वर येऊन सरळ होतं. आणि पाट्याखाली ही दांडी. हिच्या टोकाला हा बोल्ट. बोल्ट पाट्याला टेकला की पिळायला जागाच उरत नाही. आता उजव्या बाजूची गंमत ऐका..."

तेवढ्यात बायकोने जेवायला हाक मारली. तिची दुसरी हाक वेगळी असते हे आम्हा दोघांना माहीत होतं, म्हणून उठलो. उजव्या बाजूची गंमत राहिली.

शर्यतीच्या आदल्या दुपारी दोघं भाऊ गाडी न्यायला ट्रॉला आणण्यासाठी बाहेर पडले. कारखान्यावर लक्ष ठेवायला मी. थोरल्याने जाताना दारातून सांगितलं, "फक्त बसा हं, भाऊजी." धाकट्याने त्याच्या खांद्यावरून डोकावून भर घातली, "आणि आमच्याकडे घड्याळ नाहीये." दोघं हसत गेले. ते दोघं एकत्र हसलेले मी त्यानंतर पाहिले नाहीत, म्हणून लक्षात आहे.

मी बसलो. गाडी माझ्यासमोर पाठ करून उभी होती. कारखान्याची फरशी सपाट, तो भाग मीच एकदा तपासलेला. आणि गाडीची उजवी बाजू डावीपेक्षा वर होती. चांगली दीड बोट. मी दहा मिनिटं भिंतीवरच्या कमानी बघितल्या. मग भट्टी बघितली. मग उठून पाणसळ डिकीच्या कडेवर ठेवली. बुडबुडा उजव्या टोकाला पळाला आणि तिथे दातखीळ बसल्यासारखा चिकटला.

वाकून खाली बघितलं. उजव्या दांडीचा बोल्ट डाव्यापेक्षा बराच जास्त बाहेर आला होता. मला दोघांची दया आली. एवढी मेहनत केली, आणि घाईत एक बोल्ट जास्त आवळला गेला. उद्या लोक काय म्हणतील? पाना तिथेच होता. वरचा नट सैल केला आणि बोल्ट मागे घेतला. एक आटा, दोन आटे. बुडबुडा हलला. साडेपाच आट्यांना तो मधोमध येऊन थांबला. असं समाधान मला नोकरीत फक्त दोनदा मिळालं होतं.

इथपर्यंत केलं असतं तरी निभावलं असतं. पण थोरल्याची एक पद्धत होती. शेवटचा नट आवळला की तो नटावरून बोल्टावर अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायचा. रेघ जुळली म्हणजे नंतर कोणी हात लावलेला नाही. मी नट हलवल्यामुळे रेघ तुटली होती. आमच्या खात्याचाही तोच शिरस्ता: काटा दुरुस्त केला की शिक्का मारायचा, शिक्क्याशिवाय काम अपुरं. मी घासलेट लावून जुनी रेघ पुसली, नट आवळला, आणि रंगाच्या डब्यात काडी बुडवून नवी रेघ ओढली. पट्टी लावून.

संध्याकाळी दोघांनी गाडी ढकलत तिरप्या फळ्यांवरून ट्रॉल्यावर चढवली. वर चढताना ती अशीही वाकडीतिकडी दिसत होती. दुसऱ्या दिवशी धावपट्टीशेजारच्या उंचसखल मातीत थोरला बॅटरी घेऊन गाडीखाली वाकला, उजव्या बोल्टावर उजेड टाकला आणि म्हणाला, "रेघ जुळतेय. बस."

धाकटा बसला.

दिवा हिरवा झाला आणि गाडीचं डावं चाक जमिनीत रुतल्यासारखं चिकटलं, उजवं हलकं झालं, आणि तिचं नाक उजवीकडे वळलं. पाय काढला असता तर थांबली असती. त्याने काढला नाही. नंतर दवाखान्यात त्याने माझ्या बायकोला सांगितलं, "दादाचे पाटे होते गं. वाटलं, आत्ता सरळ होईल." उजवीकडे काँक्रीटची भिंत होती.

थोरल्याशी तो एकच वाक्य बोलला. शस्त्रक्रियेनंतर डोळे उघडून म्हणाला, "दादा, तुझी गाडी उजवीकडे गेली." त्याआधी वीस वर्षं ती 'आपली गाडी' होती. थोरला खोलीबाहेर आला आणि बाकावर माझ्या शेजारी बसला. त्याने आपल्या हातांकडे बघितलं. मग, काहीतरी बोलायचं म्हणून, उजव्या बाजूची गंमत सांगितली.

"इंजिनचा पीळ असतो ना, भाऊजी, तो सुटताना उजवं चाक उचलून धरतो. म्हणून उजवा पाटा आधीच दाबून ठेवायचा, बोल्ट आवळून. उभी असताना वाकडी दिसते. पण अशी वाकडी उभी राहते तीच सरळ धावते. मी ठेवला होता दाबून. तरी कसं झालं?"

पाणसळ माझ्या खिशात होती, मांडीला टोचत होती.

"असं होय," मी म्हणालो.

या दोन शब्दांवर मी नऊ वर्षं काढली.

सांगायचं ठरवलं नव्हतं असं नाही. त्या दिवशी धाकट्याची शस्त्रक्रिया झालेली, म्हणून नको. पुढच्या आठवड्यात दोघं बोलेनात, त्यात माझी भर नको. मग बायको म्हणाली, "माझ्या भावांमध्ये कोणी काडी घातली असती ना, तर मी त्याचं तोंड बघितलं नसतं," आणि मी पानातली भाजी संपवली. वर्ष झालं, दोन झाली. खोटा काटा पहिल्या दिवशी पकडला तर दुकानदार हसून दुरुस्त करतो. वीस वर्षांनी पकडला तर सगळं गाव दारात येतं.

आणि थोरल्याला ती रेघ भोवली. अपघातात दांडी वाकली, बोल्टही वाकला, पण नट आपल्या जागी होता आणि रेघ जुळत होती. "बोल्ट जिथे ठेवला तिथेच आहे," तो म्हणाला, "म्हणजे दोष पाट्यात. पाटे माझे." त्याने भट्टी विझवली. रांगेतल्या ट्रकवाल्यांना हात जोडून परत पाठवलं. एक म्हातारा ट्रकवाला हटून बसला. त्याला म्हणाला, "ज्या हाताला आपल्या भावाचा पाटा कळला नाही, त्या हाताने तुझा ट्रक कशाला मारू?"

पुढे त्याने ती गाडी पुन्हा उभी केली, पण चालवायला नाही. दोष शोधायला. दर रविवारी मागचे पाटे उतरवायचे, यू-बोल्ट सोडायचे, मधला खिळा काढायचा, एकेक पाटा सुटा करून फरशीवर मांडायचा. खडूच्या कमानीला लावून बघायचा. वजनं टांगून किती झुकतो ते मोजायचं. वजनं मीच आणून दिली होती, खात्यातून बाद झालेली, पण प्रमाणित. नखाने वाजवून आवाज ऐकायचा. परत जोडायचे. पुढच्या रविवारी परत उतरवायचे. आकडा न लिहिणाऱ्या त्या माणसाने चौदा वह्या भरल्या.

आणि बॅटरी धरायला मी. बायकोच पाठवायची: "दादा एकटा असतो, जा जरा." थोरल्याची बायको जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. नऊ वर्षं तो माणूस दोष शोधत होता आणि दोष त्याला उजेड दाखवत उभा होता.

"जरा इकडे धरा, भाऊजी. नाही, पाट्यावर. माझ्या तोंडावर काय बघायचंय?"

"हं."

"उजेड का सरकतोय?"

"वय झालं, दादा."

"झालं खरं," तो म्हणायचा, आणि परत खाली वाकायचा.

एकदा त्याने तो वाकलेला बोल्ट डब्यातून काढून माझ्या हातात दिला. "तुम्ही मापातले माणूस. बघा, काही दिसतं का." मी रेघ बघितली. पांढरी, बारीक, पट्टीने ओढलेली. "काही नाही दिसत," मी म्हणालो. सरकारी नोकरीत मी एवढं उघड खोटं एकदाही बोललो नव्हतो. तिथे खाली सही करावी लागायची.

धाकटा काठी घेऊन चालायला लागला, मग दुसऱ्या गावी गेला. तिथे कुठल्याशा तिकीटखिडकीत बसायचा. दोघं रेडे, असं बायको म्हणायची. एकाने तरी फोन उचलायला हवा होता. गेल्या हिवाळ्यात धाकट्याचं हृदय बंद पडलं. आम्ही पोचलो तेव्हा थोरला आमच्या आधी येऊन फाटकापाशी उभा होता. धाकट्याची बायको दारात आली, तिने त्याच्याकडे बघितलं, आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. थोरला ज्या बसने आला त्याच बसने परत गेला. रविवारी पाटे उतरवले तेव्हा म्हणाला, "आता विचारणारं कोणी नाही. तरी कळायला हवं."

मग त्याची छाती भरली. चाळीस वर्षं भट्टीचा धूर गिळलेला. डॉक्टरने चित्र उजेडावर धरलं आणि बराच वेळ आमच्याऐवजी चित्राकडेच बघून बोलला. जिना चढवेना म्हणून त्याची लोखंडी कॉट खाली कारखान्यात आणली. तिचा उजवा पाय नेमका फरशीतल्या पन्हळीवर आला. थोरला कुशीवर वळला की टक. खोकला की टक. मी पहिल्याच दिवशी खिशात हात घातला, तर तो गादीवरून म्हणाला, "भाऊजी. बसा. कशाला हात लावू नका." थट्टा म्हणूनच म्हणाला. मी हात खिशातून काढला.

दर रविवारी घरून निघताना मी ठरवायचो, आज सांगायचं. ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत टिकायचं. या रविवारी मात्र दारापर्यंत टिकलं. आत गेलो तर थोरला कॉटवर ताठ बसलेला, गालांवर लाली, दाढी केलेली.

"सापडलं, भाऊजी."

"काय सापडलं?"

"दोष!" त्याने ऐरणीकडे बोट केलं. उजव्या जुडग्यातला सर्वांत लांब पाटा तिथे दोन तुकडे होऊन पडला होता. खाली फरशीवर लोखंडाची काळी भुकटी. "परवा कापला. ग्राइंडर उचलवेना, थांबत थांबत दिवसभर लागला. अर्धा कापला आणि उरलेला मोडला. बाहेरून बघून काय कळणार? आतला दाणा बघायला हवा होता, हे सुचलंच नाही इतकी वर्षं. बघा तुम्ही. बॅटरी घ्या. दाणा जाड आहे, म्हणजे पोलाद कच्चं."

मी बॅटरी घेतली आणि मोडलेल्या तोंडावर उजेड टाकला. मला पोलाद दिसलं.

"त्या महिन्यात आमचं भांडण झालं होतं," तो म्हणाला. "धाकट्याला नवं इंजिन हवं होतं, मी नको म्हटलं. या पाट्याला पाणी देताना डोक्यात तेच. जास्त तापला असणार. रागात तापवला की दाणा जाड होतो. बाप सांगायचा." तो दमला, थांबला. टक. "एवढंच होतं. किती साधं. आता बसा, कागद घ्या. माझ्या हाताने अक्षर निघत नाही. धाकटीला, त्याच्या बायकोला, पत्र लिहायचंय. तिला कळू दे की तो बरोबर होता."

कागद उशीखाली तयार होता, त्याच्या वहीतला, एका बाजूला आकडे आणि एक बाजू कोरी. मी स्टूल ओढलं. मांडीवर फळी घेतली.

"लिहा. चूक माझी होती."

मी लिहिलं. चूक माझी होती.

"पुढे लिहा. पाट्याला पाणी देताना..."

पेन पुढे जाईना. कागदावर एकच वाक्य होतं. अक्षर माझं, शाई माझ्या पेनची. नऊ वर्षांत या विषयावर मी कागदावर उतरवलेलं पहिलं खरं वाक्य, आणि तेही दुसऱ्याने सांगितलेलं.

"काय झालं? शाई संपली?"

"दादा, उजव्या दांडीचा बोल्ट मी फिरवला होता."

"कधी?"

"शर्यतीच्या आदल्या दुपारी. तुम्ही दोघं ट्रॉला आणायला गेला होतात. गाडी वाकडी दिसत होती."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. थोरल्याच्या चेहऱ्यावर मी काय शोधत होतो ते मला माहीत होतं, पण तिथे ते आलं नाही. अनोळखी ट्रकवाला दारात उभा राहून तक्रार सांगतो तेव्हा तो जसं ऐकायचा तसंच ऐकत होता.

"किती आटे?"

"साडेपाच."

"सैल?"

"सैल."

त्याने उजव्या हाताची बोटं हवेत फिरवली. एक, दोन, साडेपाच. डोळे मिटून. नऊ वर्षांनी त्याच्या हाताला काहीतरी कळत होतं.

"मग जाणारच उजवीकडे," तो म्हणाला. "पण रेघ?"

"जुनी पुसली. नवी मीच मारली."

"अच्छा!" तो हसायला लागला, हसण्याचा खोकला झाला, कॉट टक टक टक करत राहिली. मी पाणी दिलं. "तरीच इतकी सरळ. माझी रेघ कधी सरळ आली होती, भाऊजी? नेहमी थरथरलेली. रोज बघत होतो, हातात घेऊन बघत होतो. किती मूर्ख माणूस."

"मी, दादा."

"दोघंही. दोघांना जागा आहे." त्याने ऐरणीकडे बघितलं. "म्हणजे पाटे चांगले होते."

"उत्तम होते."

"हा पण?"

"हा पण."

"परवा कापला."

"हो."

"परवा सकाळी आला असतात तर."

"मी रविवारी येतो," मी म्हणालो.

तो आडवा झाला. छताकडे बघत होता. छताला जुन्या धुराचा काळा गोल होता, भट्टीच्या बरोबर वर. "मग या नऊ वर्षांत मी केलं काय?" त्याने विचारलं. मला नाही, त्या गोलाला विचारलं असावं. मग म्हणाला, "आणि त्याने पाय काढला नाही. माझ्या पाट्यांवर भरवसा ठेवून. बरोबरच ठेवला होता की. तेवढं तरी त्याला..." वाक्य तिथेच राहिलं. त्याने बोटांनी डोळ्यांचे कोपरे दाबले, घाम पुसावा तसे.

"दादा, काहीतरी बोला. शिव्या तरी द्या."

"दम लागतो हो."

"मग धाकटीला मी पत्र लिहितो. खरं काय झालं ते, माझ्या नावाने. आज लिहितो."

"नको." हे मात्र तो पटकन म्हणाला. "तिचा राग माझ्यावर बसलाय. नऊ वर्षं झाली, नीट बसलाय. आता तो उतरवून तुमच्यावर चढवायचा, परत सगळं घट्ट करायचं. कोण करणार ते? तिचंही वय झालं. राहू दे माझ्यावर. मी किती दिवस आहे?" त्याने मान वळवली. "बहिणीला सांगितलंय?"

"नाही."

"नका सांगू. तुम्हाला जेवायला कोण घालेल?"

मी मांडीवरची फळी बाजूला ठेवली. कागदावर ते एक वाक्य तसंच होतं. शाई वाळली होती. गाडी कोपऱ्यात ठोकळ्यांवर उभी होती, मागे पाटे नाहीत, चाकं नाहीत, पाठीमागून नुसती पोकळ. आता त्या जागी बसवायला काही उरलं नव्हतं आणि बसवणाराही उरला नव्हता. मी तिथे बसून राहिलो. निघावं की थांबावं ते कळेना. सबंध आयुष्यात मला कोणी इतकं कमी रागावलेलं नव्हतं.

तो कुशीवर वळला. टक. परत वळला. टक.

"भाऊजी."

"हां, दादा."

"ती पाणसळ आहे का खिशात?"

"आहे." मी हात घातला.

"राहू द्या तिथेच. तो कागद घ्या, चार घड्या करा आणि कॉटच्या या उजव्या पायाखाली सरकवा. दोन आठवडे झोप नाही. आणि नुसत्या डोळ्याने बघून घाला."